मिनारावर मरियम

२०२१च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने युक्रेनहून मोबाईलवर फोटो पाठवला. ती चेर्निव्हत्सीला डॉक्टरकी शिकत होती आणि मैत्रिणींबरोबर जवळच्या एका गावी फिरायला गेली होती. फोटोत एक चर्च, त्याला चिकटून उंच, गोल, दगडी मिनार आणि मिनाराच्या टोकावर सोनेरी रंगाची एका स्त्रीची मूर्ती. खाली प्रश्न : "सर, ही मस्जिद आहे की चर्च?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. शिक्षकाला हे कबूल करायला जड जातं, पण खरं आहे.

गावाचं नाव कामियानेत्स-पोदिल्स्की. 'कामिन' म्हणजे दगड, आणि गावही तसंच आहे. स्मोत्रिच नदीने खडक कापत जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घातला आहे. भोवती खोल घळ, मधे गाव, आणि बाहेर पडायला एक अरुंद दगडी पूल. पुलापलीकडे किल्ला. आपण किल्ल्यांच्या मुलखातली माणसं, ही जागा का निवडली हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही किल्ला पडला. ऑगस्ट १६७२ मध्ये उस्मानी सुलतान चौथा मेहमद स्वतः फौज घेऊन आला. (इकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून दोन वर्षं होती.) तेव्हा हे गाव पोलंडच्या ताब्यात होतं. आतली शिबंदी थोडी, बाहेर अफाट सैन्य. दहा-बारा दिवसांत किल्ला शरण आला. शरणागतीच्या वेळी दारूगोळ्याचा मोठा स्फोट झाला आणि त्यात पोलिश सरदार येझी व्होवोदियोव्स्की मारला गेला. पुढे सिएनकिएविच या कादंबरीकाराने त्याला नायक केलं आणि पोलंडच्या घराघरात तो पोचला. तुर्कांच्या बाजूनेही लिहिणारा होता. नाबी हा मोठा तुर्की शायर या मोहिमेत होता, त्याने या विजयावर फतहनामा लिहिला. एकच लढाई, एकाकडे मातम, दुसऱ्याकडे फतह. इतिहास शिकवताना मुलांना दोन्ही कागद एकदम हातात द्यावेत असं मला नेहमी वाटतं.

गाव जिंकल्यावर सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या कॅथेड्रलची मस्जिद झाली आणि शेजारी हा मिनार उभा राहिला. ही गोष्ट सांगताना आपल्यातले काही जण आवाज खाली करतात, काही जण वर करतात. मला दोन्ही पटत नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेची जागा तलवारीच्या जोरावर घेतली गेली, हे सरळ शब्दांत सांगावं. आपली जागा कुणी घेतली की आपल्याला जे दुखतं, तेच तेव्हा त्या लोकांना दुखलं असणार.

सत्तावीस वर्षं इथे उस्मानी प्रांताचं ठाणं होतं. १६९९ला कार्लोविट्झचा तह झाला आणि गाव पोलंडला परत मिळालं. मस्जिदीचं पुन्हा चर्च झालं. मिनार मात्र पाडला नाही. तो पाडायचा नाही असं तहातच ठरलं होतं, अशी गोष्ट तिथे सांगतात. काही असो, १७५६ मध्ये चर्चवाल्यांनी मिनाराच्या टोकावर मरियमची मूर्ती बसवली. पायाखाली चांद, डोक्याभोवती तारे.

हा विजयाचा शिक्का आहे, यात शंका नाही. पण मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला तेव्हा दुसरंच मनात आलं. कुरआनातली एकोणिसावी सूरह या बाईच्याच नावाची आहे. आमच्या घरांत मुलींची नावं मरियम ठेवतात. मूर्ती आमची रीत नाही, पण ती बाई परकी नाही.

त्याच गावात डॉमिनिकन पंथाचं चर्च आहे. तेही त्या काळात मस्जिद झालं होतं. तिथे दगडात कोरलेला मिंबर अजून उभा आहे. तुर्क गेले, मिंबर राहिला.

माणसांचं मात्र तसं झालं नाही. इथे आर्मेनियन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, बाजार त्यांच्या नावाचा होता. आता त्यांच्या चर्चचा घंटेचा बुरूज दिसतो. ज्यूंची वस्तीही शेकडो वर्षांची. २६ ते २८ ऑगस्ट १९४१, या तीन दिवसांत नाझींनी गावाबाहेर ज्यूंना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. त्यांत स्थानिक होते आणि हंगेरीतून हाकलून आणलेलेही. एसएसच्या स्वतःच्या अहवालातला आकडा २३,६०० आहे. कापडाच्या गाठी मोजाव्यात तसा त्यांनी तो लिहून ठेवला. मिनार तेव्हाही उभाच होता.

सोव्हिएत राजवटीत हेच कॅथेड्रल नास्तिकतेचं संग्रहालय झालं. आता पुन्हा कॅथलिक लोक तिथे प्रार्थना करतात.

हे सगळं मी विद्यार्थिनीला लिहून पाठवलं, बरंच लांबलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे सर, दोन्ही?" मी "हो" लिहिलं.

चार महिन्यांनी युद्ध सुरू झालं. ती रोमानियाच्या सीमेवर थंडीत दीड दिवस उभी राहिली आणि मग विमानाने घरी आली. भेटायला आली तेव्हा पुस्तकं तिकडेच राहिल्याचं सांगत होती. फोनमध्ये तो फोटो अजून होता. तिच्या अम्मीने चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, "ये बीबी मरियम इतनी ऊपर कैसे चढ़ीं?"