बुजलेल्या समुद्राच्या खुणा

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या देवघरात शाळिग्राम असतो. तो नेपाळातील काळी गंडकी नदीच्या पात्रातून येतो, आणि त्याच्या पोटात दिसणारी चक्राची आकृती म्हणजे अमोनाइट नावाच्या एका समुद्रजीवाच्या शंखाचा ठसा असतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर, हिमालयाच्या कुशीत, हा समुद्रातला रहिवासी आला कोठून? भूशास्त्राने याचे उत्तर दिले आहे. भारताची भूमी आणि आशियाखंड यांच्यामध्ये एके काळी टेथिस नावाचा महासागर होता. आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली, मधला समुद्र मिटला आणि त्याच्या तळचा गाळ पर्वत होऊन वर आला. लडाखात सिंधूच्या खोऱ्यात त्या समुद्रतळाचे खडक दोन भूखंडांच्या मध्ये चिमटून राहिलेले आजही दिसतात. कापडाचे दोन तुकडे जोडले म्हणजे शिवण दिसते, तशी ही भूमीची शिवण.

हिमालय हा तरुण पर्वत. त्याच्या पायथ्याशी भूकंप व्हावेत, त्याच्या अंगावर शिवणीचे व्रण दिसावेत, यात आपल्याला नवल वाटत नाही. पण दख्खनचे काय? दक्षिणेचा हा द्वीपकल्प म्हणजे अचल, अखंड, अनादी भूमी, अशीच आपली सर्वांची समजूत असते. ही भूमी तरी एकसंध आहे काय, की तीही केव्हा तरी शिवली गेली? या प्रश्नाच्या उत्तराचे धागेदोरे बेंगळूरच्या आसपास सापडतात.

बेंगळूर मराठी माणसाला परके नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी ते केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. कोलारचा मुलूखही त्याच जहागिरीत होता. या शहरात लालबाग नावाची प्रसिद्ध बाग आहे. त्या बागेत एक विस्तीर्ण उघडा खडक असून त्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज उभा आहे. लोक बुरूज पाहतात आणि खडकावर बसून विसावा घेतात. पण पाहण्याजोगे खरे प्राचीन काही असेल, तर तो खडकच. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे लालबागेतील खडक नव्वद वर्षांचा आजोबा मानला, तर सह्याद्री त्याच्या मांडीवरचे दोन वर्षांचे नातवंड ठरेल. भूगर्भात खोलवर तापून, दाबून, पट्ट्यापट्ट्यांचा झालेला हा खडक दक्षिणेत दूरवर पसरला आहे. म्हैसूर संस्थानचे भूशास्त्रज्ञ डॉ. स्मीथ यांनी १९१६ साली त्याला द्वीपकल्पाचेच नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लालबागेतील हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहे.

हा झाला भूखंडाचा पुरावा. मग समुद्राचा पुरावा कोठे आहे? त्यासाठी बेंगळूरच्या वायव्येला चित्रदुर्ग जिल्ह्यात मरडीहळ्ळीला गेले पाहिजे. तेथे उशा एकावर एक रचून ठेवाव्यात तसे फुगीर दगड दिसतात. तप्त लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला, की त्याचे वरचे कवच तत्काळ थिजते. आतला रस ते कवच फोडून पुन्हा बाहेर फुगतो. आणि अशा गोळ्यांची रास साचत जाते. उघड्या जमिनीवर वाहणारा लाव्हा असा आकार घेत नाही. आजच्या महासागरांच्या तळाशी हीच क्रिया चालू असते. ज्या चित्रदुर्गाचे नाव पाण्याच्या दुर्भिक्षाशी जोडले जाते, तेथे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पाण्याखाली ज्वालामुखी धुमसत होते, याची ही साक्ष आहे.

आता आपण बेंगळूरच्या पूर्वेला जाऊ. सुमारे शंभर किलोमीटरांवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्या खाणींचा खडक म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेला, सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा आणि अवघ्या काही किलोमीटर रुंदीचा एक काळा पट्टा आहे. तो जुन्या लाव्हाचा असून बाजूंनी दाबला जाऊन जवळजवळ उभा झाला आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील व्ही. राजामणी आणि अमेरिकेतील गिल्बर्ट हॅन्सन प्रभृती संशोधकांनी या पट्ट्याच्या दोन्ही अंगांच्या खडकांची वये काढली. तेव्हा असे दिसले, की पश्चिमेकडील खडकांत त्यांच्याहूनही फार जुन्या भूमीचा अंश मिसळलेला आहे. पूर्वेकडील खडकांत तो आढळत नाही. हे दोन शेजारी एका घराण्यातले नव्हेत. दोघे निरनिराळ्या ठिकाणी वाढले, मधले अंतर मिटले, आणि सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी ते एकमेकांना कायमचे चिकटले. कोलारचा काळा पट्टा ही त्यांच्यामधली शिवण होय, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या आदिकाळात पृथ्वीचे पोट आजच्यापेक्षा अधिक तप्त होते. तेव्हा भूखंड आजच्यासारखे सरकत आणि आदळत नसावेत. खालून आलेल्या उष्णतेनेच हे पट्टे निर्माण झाले आणि स्वतःच्या भाराने खचले, असे मानणारे पंडितही आहेत. वाद मिटलेला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. साक्षीदार तेच असतात, कैफियती मात्र दोन निघतात.

बेंगळूरच्या नैर्ऋत्येला रामनगरचे प्रचंड कातळ आहेत. 'शोले' चित्रपटामुळे ते घरोघरी पोचले. या गावाचे जुने नाव क्लोजपेट. म्हैसूरचे रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्यावरून ते पडले होते. तेथील ग्रॅनाइट आजही शास्त्रात त्याच नावाने ओळखला जातो. हा ग्रॅनाइट सुमारे चारशे किलोमीटर लांब पट्ट्याने पसरला असून त्याचे वय सुमारे दोनशे बावन्न कोटी वर्षे आहे. तांबटाने भांड्याच्या सांध्यावर डाख द्यावा, तसा खालून आलेला हा रस पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील भूमीच्या सांध्यात ओतला गेला, असे पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानतात.

या शिवणीने मनुष्याच्या इतिहासालाही वळण दिले. खडकांच्या भेगांतून वर चढलेल्या उष्ण पाण्याने कोलारच्या पट्ट्यात गारगोटीबरोबर सोने आणून ठेवले. १८७० च्या दशकात मायकेल लॅव्हेल यांना तेथे खोदण्याचा परवाना मिळाला आणि पुढे जॉन टेलर यांच्या कंपनीने खाणी वाढविल्या. या खाणींसाठीच १९०२ साली शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून वीज आणली गेली. बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये. तीन किलोमीटरांहून खोल उतरून, असह्य उष्णतेत आणि एकाएकी फुटणाऱ्या खडकांच्या भयात, मजुरांच्या पिढ्यांनी सुमारे आठशे टन सोने वर काढले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. मागे राहिल्या त्या खाणमातीच्या टेकड्या, आणि पोटासाठी रोज पहाटेच्या आगगाडीने बेंगळूर गाठणारी माणसे.

सोने संपले, पण पुरावा उरला आहे, आणि आज खरी काळजी त्याची आहे. वाढत्या शहरांना खडी हवी, फरशी हवी. ती याच टेकड्या फोडून मिळते, आणि त्यावाचून घरे व रस्ते होणार नाहीत, हेही खरे. परंतु कोणता दगड फोडावा आणि कोणता राखावा, हे ठरविण्याची आपल्याकडे रीत नाही. लालबागेतील खडक बागेत असल्यामुळे वाचला. ज्यांच्याभोवती बाग नाही, त्यांना वाली कोण? अशा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच जाणिवेतून.

पेशवे दप्तरातील एखादा कागद गहाळ झाला, तर त्याचा मजकूर दुसऱ्या एखाद्या पत्रात सापडण्याचा संभव असतो. खडकाला नक्कल नसते. आपल्या पायाखालची भूमी एक कशी झाली, हे सांगणारे मूळ पत्र तेवढेच आहे, आणि ते वाचून होण्यापूर्वी त्याची खडी होऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.