पाचशे रुपयांचं इंटरनेट

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कडेला दिघीला विदेश संचार निगमची, म्हणजे व्हीएसएनएलची, ५२४ एकर जादा जमीन होती. २००२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, पण ही जमीन सौद्यातून वेगळी ठेवली होती. व्हीएसएनएल म्हटलं की पेपरवाल्यांना ती जमीन आठवते, मला शेल अकाउंट!

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पुणं त्यानंतर जोडलं गेलं. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत शेल अकाउंट मिळायचं. चित्रं दिसणारं टीसीपी-आयपी अकाउंट हवं, तर काही हजार मोजा.

गंमत बघा, घरची फोनलाइन तीच, मोडेमही तोच. फरक सगळा पलीकडच्या सर्व्हरवर. महागड्या अकाउंटवर लॉगिन केलं की सर्व्हर पीपीपी सुरू करून तुमच्या पीसीला आयपी अ‍ॅड्रेस द्यायचा आणि नेटस्केप चालू. पाचशेवाल्याला मिळायचा युनिक्सवरचा मेनू. त्याचा पीसी म्हणजे नुसता टर्मिनल. नेटवर होता तो सर्व्हर, हा नव्हे! फाइल उतरवली तर ती आधी सर्व्हरच्या डिस्कवर यायची, मग झेड-मोडेमने पुन्हा घरी.

स्पीडच्या बाबतीत मात्र गरिबाचं तितकंसं वाईट नव्हतं. ९.६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम १.२ केबी. साठ केबीच्या एका फोटोला पन्नास सेकंद. लिंक्सवर नुसता मजकूर भराभर यायचा. पण काय बघायचं हे तुम्ही ठरवणं वेगळं आणि कॉन्फिग फाइलने ठरवणं वेगळं. तांत्रिक अडचण म्हणून खपलेली ही सरळसरळ दरपत्रकाची भिंत होती, असं माझं मत.

भिंत आली की भोक पाडणारे आलेच. डॅनी गॅस्पारोव्स्कीने स्लर्प लिहिलं. शेलमध्ये चालवायचं, की ते स्वतःच पीपीपी सर्व्हरचं सोंग घ्यायचं. तुमच्या पीसीची पॅकेटं उघडून सर्व्हरच्या नावाने बाहेर पाठवायचं. सर्व्हरला वाटायचं, यूजर साधा प्रोग्रॅम चालवतोय. रूट परवानगीची गरजच नाही.

१९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्या आल्या, पुढे शेल अकाउंट संपलं. स्लर्प मात्र संपलं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट आणि क्यूईएमयूचं यूजर नेटवर्किंग त्याच कोडवर उभं राहिलं. व्हर्च्युअल मशीनला आपोआप मिळणारा १०.०.२.१५ हा अ‍ॅड्रेस पाहिलाय ना? तो तिथलाच.