भाऊजी, हे आहेत की गेले?

बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. थोरले बंधू व्हेंटिलेटरवर होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मेंदू गेलाय." पण छाती वरखाली होत होती, हाताला ऊब होती. वहिनी एकच विचारत होत्या, "भाऊजी, हे आहेत की गेले?" मला काही सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी हृदयच थांबलं आणि ठरवायची वेळ आली नाही.

मी जन्मभर इतिहास शिकवला. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, हा प्रश्न मोठमोठ्या धर्मपंडितांनाही पडला होता. त्यातली इस्लामी जगातली हकिकत मला विशेष वाटली.

आत्मा शरीर सोडतो तो मृत्यू, ही श्रद्धा. पण आत्मा जाताना दिसत नाही. म्हणून जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत शरीरावरच्या खुणा दिल्या आहेत: पाय सैल पडतात, नाक कलतं, कानशिलं खोल जातात. शेकडो वर्षं एवढ्यावर भागलं.

मग श्वासाचं यंत्र आलं. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदू मृत झाल्याचे निकष मांडले. आता मेंदू बंद आणि हृदय चालू! मग वारसांची वाटणी कधी करायची? विधवेची इद्दत कुठल्या दिवसापासून मोजायची? यंत्र बंद केलं तर ती हत्या होईल का?

१९८५ साली कुवेतमध्ये डॉक्टर आणि धर्मपंडित यावर एकत्र बसले. ऑक्टोबर १९८६ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निर्णय दिला: हृदय आणि श्वास कायमचे थांबले तर मृत्यू, किंवा मेंदूचं सगळं काम कायमचं थांबून तो नासू लागला आहे असं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, तरीही मृत्यूच. पण पुढच्याच वर्षी मक्केच्या फिक्ह परिषदेने वेगळं सांगितलं. तीन तज्ज्ञांची खात्री झाली तर यंत्र काढा, मात्र हृदय आणि श्वास थांबेपर्यंत त्या माणसाला मृत म्हणू नका.

वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. तसा तो नाही. मेंदूमृत दात्याचे अवयव काढायला घेतात तेव्हा त्याचं हृदय धडधडत असतं. अम्मानच्या मते तो देह मृताचा, मक्केच्या मते अजून नाही. १९८८ साली त्याच अकादमीने जेद्दामध्ये मृताचे अवयव संमतीने देण्याला मान्यता दिली आणि त्यांची विक्री निषिद्ध ठरवली. आपल्याकडेही १९९४ च्या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मान्य केला.

मला भावलं ते असं की, आत्म्याचं गुपित ईश्वराकडे, असं मानणाऱ्या या मंडळींनी खुणांपुरतं डॉक्टरांना विचारलं आणि निर्णयाची जबाबदारी मात्र स्वतः घेतली. शिवाय मतभेद असूनही एका गोष्टीवर दोन्हीकडे एकमत झालं: परतीची वाट उरली नसेल तर यंत्र काढणं म्हणजे मारणं नव्हे.

त्या दिवशी एवढं जरी वहिनींना सांगता आलं असतं! "ते कुठे आहेत मला ठाऊक नाही, पण आता परत येणार नाहीत. तुम्ही काही ठरवलंत तर ते पाप नाही."

असो. आता वहिनीही नाहीत.