मोतीबिंदू 'पिकण्याची' गोष्ट

आज सुरुवात एका शब्दापासून करू. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या डोळे तपासणी शिबिरात तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "अजून पिकला नाय." म्हातारी बाई असते, सोबत सून किंवा नातू असतो. डावा डोळा पांढरा झालेला, उजव्यानं अंधुक दिसतंय, आणि तरी घरच्यांचं म्हणणं एकच, की मोतीबिंदू पिकू दे, मग काढू. त्यातही थंडीत काढू, कारण पावसात जखम चिघळते. आणि पावसात आवणी असते, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी, त्यामुळे कोणाला वेळही नसतो.

आपण शहरातली माणसं याला चटकन अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. आमचं म्हणणं असं, की हा अडाणीपणा नाही. हे डॉक्टरांनीच शिकवलेलं ज्ञान आहे, फक्त जुनं झालेलं. शस्त्रक्रिया बदलली, शब्द मागे राहिला. कसा, ते बघू.

आपल्याकडे मोतीबिंदूवर उपाय फार जुना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'लिंगनाशा'वर शलाकेनं करायची क्रिया सांगितली आहे, आणि तिथेही दोष पक्व झाला आहे की नाही हे पाहायला सांगितलेलं आहे. पुढे ही क्रिया गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हातात राहिली. गढूळ झालेलं भिंग सुईनं आत ढकलायचं, म्हणजे ते बाहुलीसमोरून बाजूला होतं आणि माणसाला तिथल्या तिथे उजेड दिसतो. वैदू पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. चार-सहा महिन्यांत आत पडलेलं भिंग डोळा सुजवतं, दाब वाढतो, पू होतो, आणि कित्येकांचा डोळा कायमचा जातो. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे शेकडो बिघडलेले डोळे तपासून, नोंदी ठेवून १९१७ च्या सुमारास त्यावर पुस्तकच लिहिलं. याला आपण या देशातल्या नेत्रसंशोधनाचा एक आरंभ म्हणू शकतो, कारण तिथे प्रश्न नीट विचारला गेला: सुई बाहेर काढताना काय दिसलं हे नको, सहा महिन्यांनी काय दिसतं ते सांगा. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो शेवटपर्यंत आपल्यासोबत येणार आहे.

भिंग डोळ्याबाहेर काढायची पद्धत १७४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी सुरू केली. त्यात भिंगाची पिशवी फाडून आतला गर बाहेर काढत. कच्च्या मोतीबिंदूत हा गर चिकट असतो, थोडा आत राहतो, फुगतो आणि डोळा सुजतो. पिकलेल्यात तो सुटून येतो, फणसाचा गरा सुटावा तसा. म्हणून डॉक्टर सांगत, थांबा. इंग्रजी डॉक्टरी भाषेतही 'पक्व' याच अर्थाचा शब्द रूढ झाला.

विसाव्या शतकात पिशवीसकट अख्खं भिंग काढायला लागले, तेव्हा थांबायचं हे कारण संपायला हवं होतं. पण दुसरं कारण आलं. भिंग काढलं की डोळ्याला नजर धरायला काही उरत नाही. मग दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींनी तो आजोबांच्या नाकावर पाहिला असेल, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. त्यातून प्रत्येक गोष्ट पाव हिश्शानं मोठी दिसते. पायरी जिथे असते तिथे दिसत नाही, कडेचं दिसत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर दोन आकारांच्या दोन प्रतिमा होतात आणि माणूस चालूच शकत नाही. म्हणजे अर्धवट दिसणाऱ्या माणसाचं ऑपरेशन केलं तर त्याचा तोटाच व्हायचा. दोन्ही डोळे जवळजवळ गेल्यावरच फायदा. म्हणून पुन्हा तेच: पिकू द्या. दोन-तीन पिढ्यांना हे सांगितलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं.

स्वतंत्र भारतात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं काही हाती घेणारे आपण जगात पहिलेच. १९८६ ते ८९ या काळातल्या पाहणीत देशात दर शंभरात जवळपास दीड माणूस आंधळा, आणि त्यातल्या सुमारे ८० टक्क्यांना मोतीबिंदू, असं निघालं. म्हणजे काम उघड होतं. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालय, मिळेल तिथे शिबिर. शाळेच्या वर्गात रांगेनं खाटा, डोळ्यावर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट, आणि मार्च जवळ आला की घाई.

त्या शिबिरांबद्दल तुच्छतेनं बोलणं आम्हाला पटत नाही. लाखो लोकांना त्यांनी उजेड दिला. पण मोजलं काय जात होतं? ऑपरेशनं किती झाली, एवढंच. चष्मा मिळाला का, बसला का, फुटला तर पुढे काय, याचा रकाना नव्हता. आता टोकावड्याच्या बाजूचा एखादा माणूस डोळ्यासमोर आणा. चष्मा बांधावर पडून फुटला. नवा आणायचा तर मुरबाड, तिथून कल्याण. मुरबाडला रेल्वे नाही. त्याचा तो डोळा ऑपरेशन झालेल्यांच्या यादीत जमेला, आणि माणूस घरात पुन्हा आंधळा.

धक्का बसला तो १९८६ मध्ये. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथल्या शिबिरात जंतुसंसर्ग झाला आणि ८४ जणांचे डोळे कायमचे बिघडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८९ मध्ये निकाल आला. त्यानंतरच्या वर्षांत धोरण हळूहळू बदललं. गावात फक्त तपासणी, ऑपरेशन रुग्णालयातच. आज गावात शिबिर होतं आणि दुसऱ्या दिवशी रुग्णांना गाडीत घालून नेतात, त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरा बदल भिंगाचा. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्यानं ते सहन केले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे मात्र हे भिंग गरिबाच्या आवाक्यात यायला नव्वदचं दशक उजाडलं. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत कोसळली. तरी प्रश्न होताच, की सरकारनं सगळ्यांना भिंग द्यावं का? मदुराईत ३,४०० रुग्णांवर रीतसर प्रयोग झाला. चिठ्ठी टाकावी तसं कोणाला भिंग, कोणाला जाड चष्मा, हे ठरलं. निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. चष्मा लावून तक्ता वाचायला दोन्ही गट चांगलेच होते, पण रोजचं जगणं विचारलं, चालणं, कामं, माणसं ओळखणं, तेव्हा भिंगवाले पुढे होते. त्याच काळात, १९९४ ते २००२, जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला. महाराष्ट्र त्यात होता. एक कोटी दहा लाख ऑपरेशनांचं लक्ष्य होतं, आणि भर भिंगावर होता.

आता आपण घाट चढू. मुरबाडहून माळशेज चढलं की जुन्नर, पुढे पुणे. पुण्यात पुना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. या सहस्रकाच्या सुरुवातीला तिथे डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो आमच्या मते शहापूर-मुरबाडसारख्या भागासाठी फार मोलाचा आहे. खरं तर तो मराठीत कधीच सांगितला जायला हवा होता.

प्रश्न साधा होता. भिंग बसवायचंच, तर डोळा कसा उघडायचा? तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे मोठा छेद आणि टाके. टाके डोळ्याचा पडदा ओढतात, बुबुळाचा गोल वाकडा होतो, तिरका नंबर येतो. मग टाके काढायला या, नंबर काढायला या, चष्मा घ्यायला या. दुसरी पद्धत, लहान छेदाची. पांढऱ्या बुबुळातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा, तो आपला आपण मिटतो. गावाकडे आज ज्याला 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणतात, त्यातलं हे एक. यंत्र लागत नाही, हात लागतो.

७४१ रुग्ण घेतले, दोन गट केले. सहा आठवड्यांनी त्यातले ७०६ परत तपासले गेले. ज्यांनी गावातून रुग्ण परत बोलावून पाहिले आहेत त्यांनाच हा आकडा काय आहे ते कळेल. आणि मोजलं काय? चष्मा लावून दिसणं मोजलंच, पण त्याआधी चष्म्याशिवाय. कसोटी होती ६/१८ ची, म्हणजे निरोगी नजर जे अक्षर अठरा मीटरवरून वाचते, ते रुग्णाला सहा मीटरवरून वाचता आलं पाहिजे. टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के लोक चष्म्याशिवाय तिथवर पोचले, बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के. चष्मा लावल्यावर हेच आकडे ८६.७ आणि ८९.८. खर्च दोन्हींचा जवळजवळ सारखा, रुग्णालयाला एका ऑपरेशनमागे सातशे वीस-तीस रुपयांच्या घरात.

या आकड्यांपाशी जरा थांबू या. चष्मा लावला तर दोन्ही पद्धतींत फारसा फरक नाही. फरक आहे तो चष्म्याशिवाय, आणि टोकावड्याचा किंवा डोळखांबचा माणूस चष्म्याशिवायच जगतो. शंभरातले जे दहा लोक वाढले ते इथले. पण दुसरी बाजूही बघा. चांगल्या पद्धतीनंसुद्धा निम्म्याहून जास्त लोक चष्म्याशिवाय ६/१८ च्या अलीकडेच राहिले. ४८ आणि ९० या दोन आकड्यांच्या मध्ये काय आहे? एक साधा, नेहमीच्या नंबराचा चष्मा, आणि तो आणायला लागणारी एक खेप. अहवालात त्याला 'पाठपुरावा' म्हणतात. डोळखांबच्या बाईसाठी ती आसनगावपर्यंतची जीप, पुढे लोकल, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, असं सगळं असतं.

याच गटानं २००५ मध्ये पुढचा प्रयोग छापला. शहरात लोक ज्याला 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात (ते लेझर नसतं, ध्वनिलहरींनी भिंग फोडतात) त्या फेकोची आणि बिनटाक्याच्या हाताच्या पद्धतीची तुलना. ४०० डोळे. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ पर्यंत फेकोत ८१ टक्के, हाताच्या पद्धतीत ७१. चष्मा लावून दोन्हीकडे ९८. दोन वेगळ्या प्रयोगांची थेट तुलना करू नये, पण एवढं नक्की, की लाखोंचं यंत्र नसलेलं रुग्णालय दुय्यम उपचार देतं, असं म्हणायला आधार उरला नाही. उलट पिकून तपकिरी, दगडासारखा झालेला मोतीबिंदू फेकोनं फोडायला अवघड, हाताच्या पद्धतीनं तो अख्खा सरकून बाहेर येतो. म्हणजे गंमत बघा. 'पिकू दे' म्हणून थांबलेल्या माणसाला सांभाळून घेणारी पद्धतच इथे उपयोगी पडली.

याचा अर्थ थांबायला हरकत नाही, असा मात्र नाही. फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यात फुगतो किंवा पाझरतो, दाब चढतो, डोळा ठणकायला लागतो. त्या दाबानं मागची नस गेली तर ऑपरेशन छान होऊनही अंधारच. आणि थांबतं कोण, हेही पाहायला हवं. देशातल्या पाहण्यांमध्ये बायकांची ऑपरेशनं गरजेच्या मानानं कमी होतात, हे वारंवार दिसलं आहे. घरात दोघांना मोतीबिंदू असेल तर आजोबांचा आधी पिकतो, आजीचा नंतर. असं का, ते तुम्हीच ओळखा.

आजची स्थिती सांगायची तर २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलेलं दिसतं. मोठी घट आहे, नाकारण्याचं कारण नाही. मात्र मधल्या काळात मोजपट्टीही बदलली. २०१७ पासून ६/६० ऐवजी ३/६० पेक्षा कमी दिसत असेल तरच अंध म्हणायचं ठरलं. म्हणजे तीन मीटरवरून बोटं मोजू शकणारी, पण तांदळातला खडा आणि बांधावरचा साप न दिसणारी बाई आता अंधांच्या यादीत नाही. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या जिल्ह्याचे आकडे बहुतांश शहरांचे. तानसा आणि भातसाचं पाणी ज्या तालुक्यातून मुंबईला जातं, तिथल्या डोळ्यांचा हिशेब त्या सरासरीत विरघळून जातो.

पुण्याच्या प्रयोगांबद्दल एक राहिलं. ते सहा आठवड्यांचे निकाल आहेत. कृत्रिम भिंगामागे जी मूळची पातळ पिशवी ठेवलेली असते, ती काहींच्या डोळ्यात वर्षा-दोन वर्षांनी धुरकट होते. नजर पुन्हा अंधुक होते आणि घरात बोललं जातं, "ऑपरेशन फुकट गेलं" किंवा "मोतीबिंदू परत आला". तो परत येत नसतो. त्या पिशवीला खऱ्याखुऱ्या लेझरनं बारीक खिडकी पाडतात, पाच-दहा मिनिटांत, ना छेद ना पट्टी, आणि त्याच दिवशी माणूस घरी. यंत्र मोठ्या रुग्णालयात असतं. त्यासाठी आणखी एक खेप करावी लागते, आणि ती करायची असते हे ऑपरेशनच्या दिवशी सांगितलेलं असेल तरच कोणी करतं.