कार्यशाळेत घडलेले पाठ्य : होशंगाबाद विज्ञान आणि शिक्षकांचा सहभाग

भारतीय भाषांतील ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात ग्रंथ, नियतकालिके आणि भाषांतरे यांची दखल घेतली जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षण-कार्यशाळा मात्र प्रशासकीय बाब मानून वगळल्या जातात. मध्य प्रदेशातील 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमा'चा (१९७२-२००२) वृत्तान्त पाहता ही विभागणी अपुरी ठरते. कारण येथे पाठ्यपुस्तक घडले ते बव्हंशी कार्यशाळेतच.

किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १९७२ साली होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम्) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, हे काम आरंभिले. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे पूर्वी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापकही लवकरच या कामात सामील झाले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

प्रशिक्षणाची आखणी एका साध्या निरीक्षणावर उभी होती : ज्याने स्वतः कधी प्रयोग केला नाही, तो शिक्षक वर्गात प्रयोग करवून घेऊ शकत नाही. म्हणून उन्हाळी सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांची शिबिरे भरत. त्यांत शिक्षक टोळ्या करून बसत, विद्यार्थ्यांसाठी योजलेला प्रत्येक प्रयोग स्वतः करीत आणि निष्कर्षांवर वाद घालीत. पाने गोळा करून त्यांचे गट पाडताना एकाच पानाला दोन गटांत जागा मिळू शकते, हे ध्यानात आले की वर्गीकरण ही पाठ करण्याची यादी उरत नसे. कोणता निकष का निवडला, हे शब्दांत मांडणे भाग पडे. शिबिर संपल्यावरही शिक्षक एकटा पडू नये यासाठी शाळाभेटी, म्हणजे 'अनुवर्तन', आणि मासिक गोष्ठी यांची जोड होती. वर्गात कोणता प्रयोग फसला, कोणते वाक्य मुलांना कळले नाही, याची चर्चा तेथे होई.

या चर्चेचे फलित म्हणजे 'बाल वैज्ञानिक' ही हिंदी पुस्तके. त्यांत तयार व्याख्या व उत्तरे यांना फाटा देऊन कृती आणि प्रश्न यांवर भर दिलेला आहे. शिक्षकांच्या अनुभवांतून त्यांचे पुनर्लेखन होत राहिले. परीक्षेतही पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा होती, प्रयोगपरीक्षाही होती. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही (स्थापना १९७४) पाठ्यपुस्तकांची भाषा हा शिकण्यातील अडसर मानून तिच्या सुलभीकरणाचे प्रयोग केले. दोन्हीकडे विज्ञानाचा प्रश्न अखेर भाषेचा प्रश्न झाला, हे लक्षणीय आहे.

लेखकत्वाच्या दृष्टीने 'सवालीराम' हे काल्पनिक पात्र विशेष विचारार्ह ठरते. मुले त्याला पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि त्याच्या नावाने अनेकजण उत्तरे लिहीत. एका नावामागे अनेक लेखक आणि समोर प्रश्न विचारणारा वाचक, अशी ही रचना. लोकपरंपरेतील सामूहिक कर्तृत्वाशी तिचे नाते जोडता येते. फरक इतकाच की येथे वाचकाचा प्रश्नच लेखनाचे निमित्त होता.

२००२ साली शासनाने कार्यक्रम बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले पुढील इयत्तांत मागे पडतात, असा आक्षेप होता. समर्थकांनी तो अमान्य केला. पुस्तके ग्रंथालयांत शिल्लक राहिली. खंड पडला तो मासिक गोष्ठींच्या शासनमान्य व्यवस्थेत. खेड्यातील शिक्षकाला पाठातील उणीव सांगण्याचा आणि ती दुरुस्त झालेली पाहण्याचा जो अधिकार मिळाला होता, त्याचा आधारच नाहीसा झाला.

या परंपरेचे काही धागे मराठीत आले. पुण्यात टेल्को कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादेत राहिले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून त्यांनी केलेल्या प्रतिकृती पुढे अनेक भाषांतील पुस्तकांत गेल्या. 'एकलव्य'च्या हिंदी 'संदर्भ'पासून प्रेरणा घेऊन पुण्यात 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी द्वैमासिक निघाले. मात्र अशा संक्रमणात भाषांतरित होतो तो मजकूर; त्यामागची शिक्षकांची बैठक प्रत्येक भाषेत नव्याने भरवावी लागते. तौलनिक अभ्यासाने या बैठकीलाही साहित्यव्यवहाराची एक संस्था मानून तिची नोंद घेणे आवश्यक आहे.