नैराश्यग्रस्तांची शुश्रूषा : सुधारणेचा काळच जोखमीचा

नैराश्याच्या रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देतात; मात्र ते लागू पडेपर्यंतचे दिवस सुखरूप पार पाडण्याची जबाबदारी परिचारिकेवर आणि घरच्यांवर असते. नैराश्यविरोधी गोळ्यांचा परिणाम मनःस्थितीवर दिसू लागण्यास साधारणपणे २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड हे दुष्परिणाम मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. 'गुण तर नाहीच, उलट त्रास वाढला' असे म्हणून अनेक रुग्ण याच टप्प्यावर गोळ्या सोडून देतात. म्हणूनच या कालावधीची पूर्वकल्पना रुग्णास व नातेवाइकांस देणे ही शुश्रूषेची पहिली पायरी होय.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. तीव्र नैराश्यात रुग्णाला अंथरुणातून उठण्याचेही त्राण नसते. उपचारांनी झोप, भूक व हालचाल बहुधा आधी सुधारते. निराशा आणि अपराधीपणाची भावना उशिरा ओसरते. मनात मरणाचे विचार कायम असताना अंगात बळ आले, तर धोका वाढतो. सतत खिन्न असणारा रुग्ण एकाएकी शांत झाला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला किंवा आवडत्या वस्तू वाटू लागला, तर ती सुधारणा न समजता तत्काळ डॉक्टरांना कळवावे. तरुण रुग्णांबाबत विशेष दक्षता हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावर मुले व किशोरवयीनांसाठी २००४ मध्ये ठळक इशारा सक्तीचा केला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला.

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. 'जीव नकोसा वाटतो का? तसे काही ठरवले आहे का?' असे स्पष्टपणे व सहानुभूतीने विचारावे. रुग्णालयात परिचारिका अशा रुग्णावर ठरावीक वेळापत्रकाने नव्हे, तर अनियमित अंतराने लक्ष ठेवतात. धारदार वस्तू, दोर, पट्टे दूर ठेवतात आणि गोळी गिळल्याची खात्री करून घेतात, कारण गोळ्या साठवून एकदम घेण्याची शक्यता असते. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलीन यांसारखी जुनी औषधे अतिमात्रेत हृदयास घातक ठरतात. त्यामुळे घरी गोळ्यांचा मोठा साठा नसावा व तो जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावा.

शुश्रूषेत संवादालाही औषधाइतकेच मोल आहे. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ विदुषीने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते हाच परिचर्येचा गाभा असल्याचे मांडले. 'मन खंबीर कर', 'तुला कमी काय आहे?' असे बोल रुग्णाचा अपराधीपणा वाढवतात. त्यापेक्षा काही वेळ शांतपणे जवळ बसावे, सोप्या शब्दांत बोलावे आणि उत्तरासाठी अवधी द्यावा. आंघोळ, केस विंचरणे, थोडे चालणे अशी छोटी कामे सोबतीने करून घ्यावीत. थोडेथोडे खाणे, पुरेसे पाणी, झोपेचे तास व आठवड्याचे वजन यांची नोंद ठेवावी. काही औषधांनी उभे राहताना रक्तदाब घसरतो. म्हणून रुग्णास सावकाश उठण्यास सांगावे.

विद्युत उपचारांची भीती आजही मोठी आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना हा उपचार करण्यास मनाई आहे. उपचारापूर्वी रुग्ण उपाशी असल्याची खात्री करणे आणि नंतर काही काळ होणाऱ्या गोंधळात त्याला धीर देणे, हे परिचारिकेचे काम असते.

बरे वाटू लागल्यावरही औषध किमान ६ महिने सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ते एकाएकी थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता व आजार उलटण्याचा संभव असतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा हळूहळू कमी करावी. तातडीच्या प्रसंगी रुग्णास एकटे न सोडता नजीकच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते.