पगारपत्रकातला दुष्काळ

परवा कपाटातली जुनी कागदपत्रं आवरत होतो. एका पिवळ्या पाकिटात पगाराच्या स्लिपांचा गठ्ठा सापडला. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि सगळ्यात खाली एक लहानशी ओळ : व्यवसाय कर. निवृत्तीच्या सुमारास महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा कर कशासाठी कापतात, असा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत बऱ्याचदा टाकत असे. "सरकार कापतं म्हणून कापतात," हे ठरलेलं उत्तर. गंमत अशी, की उत्तर मला ठाऊक होतं. इतकंच नव्हे, तर ज्या गोष्टीसाठी तो कर सुरू झाला, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

हल्ली हवामानबदल आणि त्याच्याशी जुळवून घेणं याविषयी रोज काही ना काही छापून येतं. समाजाने काय करावं, सरकारने काय करावं, उद्योगांनी काय करावं. वाचताना मनात येतं, अहो, हे सगळं आपण एकदा करून बसलो आहोत! काही चांगलं केलं, काही फार वाईट केलं. त्याचा जमाखर्च मांडायचा राहिला आहे. आज तो थोडा मांडतो. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे थोडं मागे जाईन, तेवढं सांभाळून घ्या.

मी मूळचा पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातला. सह्याद्रीवर धो धो कोसळणारे ढग आमच्याकडे येईपर्यंत रिकामे होतात. बाजरी, मटकी, हुलगा, आणि पाणी असेल तिथे अंजीर-सीताफळ. १९७२ साली माझ्या हातात बी.ए.ची पदवी होती आणि नोकरी नव्हती. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, तिसऱ्या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि लिहिता-वाचता येतं म्हणून मला तिथे हजेरी मांडायला बसवलं. त्या कामावर दीडेकशे माणसं होती आणि त्यांत माझी आई होती.

सुकडी आणि मिलो हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. तांबड्या मिलोची भाकरी तव्यावर तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपये, तीही खोदलेल्या खड्ड्याच्या मापावर. माप धरणारा मी. वरचे साहेब म्हणायचे, "हात आखडता ठेवा." पहिल्या आठवड्यात आईच्या टोळीचं माप घेताना माझा हात थरथरला. आई हळू आवाजात म्हणाली, "बरोबर घे. माझ्यासाठी वाढवू नको आन् सायबासाठी कमी करू नको." इतिहासाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण राज्यकारभाराचा याहून मोठा धडा मला कुठे मिळाला नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. याच मुलखात ९५ वर्षं आधी, १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, इंग्रज सरकारने दुष्काळी कामं काढली होती. खर्च वाढतो म्हणून रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी इतकी कमी केली, की मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी धान्य पडावं. तेव्हा मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला संप होता तो! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, खेड्यापाड्यांतून माहिती गोळा केली, सरकारला अर्जांवर अर्ज केले. त्या दुष्काळात देशभर लाखो माणसं गेली. त्यानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली तयार झाली. पण त्या नियमावलीतही सरकार हा दाता आणि रयत ही याचक, असंच नातं होतं.

१९७२ नंतर महाराष्ट्राने हे नातं बदललं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या मोठ्या संकटात माणसं तडफडली, गुरं कसायाच्या दावणीला गेली, पण १८७७ सारखे प्रेतांचे खच पडले नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना वसंतराव नाईकांच्या सरकारने राज्यभर नेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा माणसाचा हक्क ठरला. पुढे २००५ साली देशाने केलेल्या कायद्याचं मूळ इथेच आहे. आणि या हमीला पैसा हवा म्हणून १९७५ साली आला तो व्यवसाय कर. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या आणि सासवडच्या मास्तराच्या पगारातून चार पैसे कापायचे आणि कोरडवाहू गावातल्या बाईच्या हाताला काम द्यायचं. पाऊस ज्यांना लागत नाही त्यांनी पाऊस ज्यांना लागतो त्यांचा भार थोडा उचलायचा. हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं, तर मी आधी ती स्लिप दाखवीन.

आता खर्चाची बाजू. त्या काळी सगळ्यात सोपं काम म्हणजे खडी फोडणं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग कित्येक वर्षं तसेच पडून होते. पोट भरलं, पण पुढच्या दुष्काळासाठी काही उभं राहिलं नाही. जिथे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती झाली तिथे मात्र विहिरींना पाणी वाढलं. आमच्या तलावाचंही तेच झालं. पण या पाण्याचं पुढे काय झालं, ते सांगायला मला जरा जड जातं.

त्याच दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार आमच्या तालुक्यात फिरत होते. विलासराव साळुंखे. पेशाने इंजिनिअर. माणसं खडी फोडताहेत आणि डोंगरावरची माती वाहून चालली आहे, हे त्यांनी पाहिलं. नायगावला देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, विहीर काढली. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही तोंडपाठ करण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

हा शेवटचा नियम आमच्या घरात अडला. माझे थोरले बंधू, दादा, म्हणाले, "माझ्या जमिनीत काय लावायचं ते मला दुसऱ्यांनी का सांगावं?" मी तेव्हा नोकरीत होतो, शहाणा समजला जात होतो. मी गप्प बसलो. आम्ही पंचायतीत गेलो नाही. १९८६ साली बोअर घेतली आणि तलावाच्या पाझरावर दोन एकर ऊस केला. चार-पाच वर्षं घरात पैसा खेळला. माझ्या मुलीचं लग्न त्या उसावर झालं, हे नाकारून चालणार नाही. शेजारच्या कुटुंबाची विहीर त्याच काळात आटली. त्यांचा मुलगा हडपसरला रखवालदारीला गेला. कोणी आम्हाला बोललं नाही. पण ज्या तलावावर आईने माती वाहिली, त्याचं पाणी आम्ही एकट्याने उपसलं, हे मला आता कळतं.

आणि हे आमच्या घरापुरतं नाही. निरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला तो दुष्काळी मुलखाला आधार म्हणून. पण बऱ्या पावसाच्या वर्षी बाजरी-ज्वारीवाला कालव्याचं पाणी विकत घेईना. खर्च वसूल व्हावा म्हणून सरकारनेच उसाला उत्तेजन दिलं. पुढे त्या उसावर कारखाने आले, सहकार आला, शाळा-कॉलेजं आली. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण दुष्काळाच्या औषधालाच दुष्काळाची सवय लागली. ठिबक सिंचनाचं बघा. जळगावच्या भवरलाल जैन यांच्यासारख्या उद्योजकांनी ते तंत्र गावोगाव पोचवलं, ते चांगलंच झालं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला, तर वाचलं काय?

आपल्या वाडवडिलांना हे कळत होतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपूर्वीची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणतं पीक, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, मालकाने मध्ये हात घालायचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी त्या बेताने पिकं कमी करायची. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तेच नव्या रीतीने केलं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, चराई बंद, आणि दरवर्षी पावसाचं माप घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. जमेत असेल तेवढंच खर्चायचं. वाण्याच्या वहीइतकं सोपं, पण वही सगळ्या गावाची.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या गाडीत दहा टँकर होते, पाच लाख लिटर. टीव्हीवर ते पाहताना मला वाटलं, की वही लिहिली नाही तर अशी गाडी बोलवावी लागते. आणि आता तर पावसाचं गणितच बदललं आहे. एक-एक महिना कोरडा जातो आणि मग चार दिवसांत सगळं कोसळतं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं. २०२५ च्या सप्टेंबरात ज्या मराठवाड्याला आपण टँकरवाडा म्हणायचो, तिथे पुराने पिकांबरोबर माती धुऊन नेली. तरी इलाज फार वेगळा नाही. पडेल तिथे अडवा, जिरवा, मोजा आणि वाटून घ्या. यातलं पहिलं सरकार करू शकतं. शेवटचं आपल्यालाच करावं लागतं.

गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता. दादा आता नाहीत. त्याला प्लॅस्टिकचं शेततळं करायचं आहे, अंजिराच्या बागेसाठी. थोडे पैसे कमी पडतात. मी विचारलं, "तळं भरणार कशानं?" तो म्हणाला, "बोअरनं, नाना. दिवाळीला भरून ठेवायचं, उन्हाळ्यात वापरायचं." म्हणजे जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी उपसून उन्हात झाकण काढून ठेवायचं, आणि त्यावर आपलं नाव लिहायचं! मी म्हटलं, "पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरणार असशील तर पैसे देतो." तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "नाना, सगळे बोअरनंच भरतात. मी एकट्यानं थांबून काय होणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. दादांना मी जे बोलायला हवं होतं, ते चाळीस वर्षांपूर्वी बोललो नाही, आणि आता याला कोणत्या तोंडाने सांगू? पण रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला म्हटलं, "एकट्यानं थांबू नको. तलावाखालच्या सगळ्या खातेदारांना एका दिवशी बोलाव. मी येतो. सगळ्यांच्या बोअर किती, पाणी किती, तेवढं वहीत लिहू. हजेरी मांडायचं काम मला येतं."

त्याने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. शेजारच्या त्या घरी मात्र मी स्वतः जाऊन आलो. रखवालदारीला गेलेला मुलगा आता साठीचा झाला आहे, निवृत्त होऊन गावी परतला आहे. मी त्याला सगळं बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, वही करणार असाल तर आमच्या आटलेल्या विहिरीचं पण नाव लिहा."

लिहीन. पहिल्याच पानावर.